दारात अडलेलं नाव

दुसरं लग्न ठरल्याचा आनंद मला जेमतेम एक दुपार मिळाला. संध्याकाळी घरमालकीण मावशी पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी सहज सांगितलं, "त्या घरात नणंद दार अडवती बरं का. नाव घेतल्याबिगर आत नाय सोडायची. लई खोडीची हाय."

मला हसूही येत होतं आणि धडकीही भरत होती.

उखाणा येत नव्हता असं नाही. एक येत होता, आणि तोच घोटाळा होता. पहिल्या लग्नात आईनं तो माझ्याकडून इतका घोटून घेतला होता की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. त्यात नारळाची झावळी होती, समुद्राची गाज होती आणि शेवटी पहिल्यांचं नाव, असं चपखल जुळवलेलं की त्या जागी दुसरं कुठलंच नाव बसेना. मी बसवून पाहिलं ना! ह्यांचं नाव तिथं घातलं की उलट्या वाटीवर पातेलं ठेवल्यासारखं डुगडुगायचं.

पहिल्यांना मी 'ते' म्हणते. तेही कधी 'हे' होते. आजारपणात गेले. 'हे'चं 'ते' व्हायला माझ्या तोंडाला बरीच वर्षं लागली. शाळा सातवीत सुटली, व्याकरण काही कळलं नाही, पण हे एवढं व्याकरण मी माझं मीच शिकले.

माझं गाव कोकणात, समुद्राला लागून. ते गेल्यावर मी इकडं आले, चिकलठाण्याला विमानतळाजवळच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला. मुकुंदवाडीत मावशींची खोली मिळाली. आधी त्यांचं अर्धं बोलणं मला कळायचं नाही आणि माझं त्यांना. तरी त्यांनी मला ज्वारीची भाकरी थापायला शिकवलं, ताप आला तेव्हा कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या, आणि शेवटी नवराही त्यांनीच शोधला. त्यांना दवाखान्यात नेणारा रिक्षावाला. पन्नाशीला टेकलेला, आईचं आणि बहिणीचं बघता बघता स्वतःचं लग्न राहून गेलेला. मी ह्या बाईचे उपकार कसे फेडू, असं एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "आधी लसूण सोल."

ठरल्यापासून मी ह्यांना 'अहो' म्हणत होते. 'अहो' फार सोयीचं. त्यात कुणीही मावतं. पण दारात 'अहो' चालत नाही, तिथं नावच लागतं. आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडून त्यांचं, पहिल्यांचं, नाव निघालं तर? सासूबाई काय म्हणतील? ह्यांचं तोंड कसं होईल? मला तर वाटायचं, लग्न तिथल्या तिथं मोडेल आणि मी हार गळ्यात घालून कॅन्टीनला परत.

मावशींनी नवा उखाणा स्वतः रचला. चिकलठाण्याच्या माळावर उतरलं विमान, अमुकरावांचं नाव घेते, ठेवते सासूबाईंचा मान. रचून झाल्यावर त्या स्वतःवरच इतक्या खूश झाल्या की शेजारणीला बोलावून ऐकवला.

कॅन्टीनमध्ये ही बातमी गेली, मग काय! कणीक मळता मळता कुणीतरी अचानक ओरडायचं, "दार अडवलं! घे नाव!"

"चिकलठाण्याच्या माळावर उतरलं..."

"काय उतरलं?"

"भात!"

बायका हसून हसून पिठात पडायच्या बाकी. मीही हसायचे. हसता हसता घाम पुसायचे.

लग्न देवळात झालं, मोजक्या माणसांत. निघताना नवरदेवानं स्वतःच रिक्षा चालवली, डोक्याला फेटा तसाच. सिग्नलला लोक वळून वळून बघत होते, एका दुचाकीवाल्यानं तर हात जोडले. "मीटर टाका जावईबापू," मावशी मागून म्हणाल्या. हे हसले, फेटा घसरला, तो मी मागून सावरला. जालना रोडवर भर उन्हात मला असं वाटत होतं की रिक्षा जमिनीला टेकतच नाहीये. आणि मनात मी एकसारखं विमान उतरवत होते.

दारात आम्ही जोडीनं उभे राहणार, एवढ्यात मागून पाण्याचा टँकर आला. गल्ली अरुंद, त्यात आमची रिक्षा आडवी. टँकरवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला. हे फेट्यासकट पळाले रिक्षा काढायला. मी एकटी उंबऱ्यापाशी राहिले. पुढं तांदळाचं माप, मापामागं सासूबाई, आणि चौकटीला दोन्ही हात लावून नणंद.

"घ्या वैनी. तवर आत नाय."

मी तोंड उघडलं. विमान कुठंच नव्हतं. आणि माझ्या कानांना ऐकू आली ती नारळाची झावळी, मीच म्हणत होते! नणंद खूश, "वा, समुद्राकडलं हाय!" गल्लीतल्या बायका पुढं सरकल्या. गाजही आली. आता पुढच्याच पावलावर ते नाव उभं होतं, मला अगदी दिसत होतं. मी ओठ गच्च मिटले. मावशींनी कपाळाला हात लावला. शेवटी मी डोळे मिटले, सगळं यमक सोडून दिलं आणि ह्यांचं नाव, नुसतं नाव, रावबिव काही न लावता, जिवाच्या आकांतानं ओरडले.

"ओऽऽ!" गल्लीच्या तोंडातून आवाज आला. "आलो, आलो!"

हे फेटा हातात घेऊन धावत आले. "काय झालं? कोनी बोलवलं?"

टँकरवालासुद्धा हॉर्न सोडून हसायला लागला. नणंद चौकट सोडून खाली बसली. "वैनी, नाव घ्या म्हनलं व्हतं, हाक मारा नव्हतं म्हनलं!"

"घेतलं ना नाव," सासूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "आन् ह्यानं ओ बी दिली. माझ्या हाकेला कधी देत नाय. येऊ दे तिला आत."

हे माझ्याकडं बघत होते, धापा टाकत. "तू मारली हाक?"

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडून व्हय! कोकणातल्या कुणी ऐकलं असतं तर!

"मग परत मार की. नीट ऐकू नाय आलं, टँकर होता."

मी मारली. ह्या वेळी हळू.