वरचा बोल्ट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि तिच्यापाशी माझ्या पोटात एरवी काही राहत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आम्हाला ओळखत नाही म्हणून असेल. दादासमोर तुम्ही कधी बसणार नाही म्हणून.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माळव्यातल्या धारच्या आमच्या गल्लीत कोणाचा मिक्सर बंद पडला, कोणाचा पंखा कुरकुरला, की हाक दादाला. नोकरी कारकुनाची, हात मिस्त्रीचे. आठ वर्षांपूर्वी नवरात्रात आमच्या जुन्या गाडीचा अल्टरनेटर गेला. बॅटरी चार्ज होईना. गॅरेजवाला दसऱ्यानंतर या म्हणाला. दादाने इंदूरहून नवा अल्टरनेटर आणला आणि अष्टमीला अंगणातच बॉनेट उघडून बसला. मी मदतनीस. म्हणजे टॉर्च धर, फडकं दे, चहा आण. सव्वीस वर्षांचा घोडा होतो तेव्हा.

दादाने ते काम किती सुरेख केलं, हे सांगायलाच हवं. आधी बॅटरीची वायर सोडवली. जुना अल्टरनेटर उतरवून नव्याशी ताडून पाहिला, वायरींना खुणेचे दोरे बांधले, नवा बसवून खालचा बोल्ट आवळला, त्याला फिरवणारा इंजिनाचा पट्टा चढवला. उरला फक्त वरचा बोल्ट. सळईने अल्टरनेटर मागे रेटून पट्टा ताणायचा आणि तसाच धरून बोल्ट आवळायचा – जोराचं काम, पण दोन मिनिटांचं. आरतीची वेळ झाली होती. दादा अंघोळीला जाता जाता म्हणाला, "वरचा तू टाइट कर. जोर लावून हं."

मी तो बोटांनी फिरवला. बोटांनीच. मित्र कोपऱ्यावर थांबले होते, गरब्याला जायचं होतं. पाना उद्या लावू म्हटलं. दादाने न्हाणीघरातून विचारलं, झाला का? मी म्हणालो, हो.

आमच्याकडे खंडेनवमी फार कडक असते. पूर्वज धार दरबारच्या शिलेखान्यात होते म्हणे. तलवारी केव्हाच गेल्या, पण अण्णा – आमचे वडील – नवमीला घरातले पाने, पकडी, हातोड्या धुऊन पाटावर मांडत, हळदकुंकू वाहत, वर झेंडू. एकदा हत्यार पूजेत बसलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कोणी शिवायचं नाही. नवमीला मी नेहमीप्रमाणे उशिरा उठलो, तोवर एकूण एक पाना फुलांखाली गेला होता. अण्णांना सांगायचं? पण म्हणजे काल खोटं बोललो हेही सांगायचं. इतकंच तर होतं! गाडी कुठे पळून जातेय, असं म्हणून मी पुरणपोळी हाणली.

दसऱ्याला सकाळीच देवासहून आत्याच्या मुलाचा फोन आला. आत्या अण्णांची एकुलती एक बहीण, महिनाभर अंथरुणावर होती. तो म्हणाला, "मामा, लवकर या, आई सारखी तुम्हाला विचारतेय." अण्णा पूजा तशीच सोडून उठले. दादाने गाडी काढली आणि मला हळूच विचारलं, "वरचा टाइट केला होतास नं रे?"

पूजा समोर होती. पाना हाताच्या अंतरावर होता. अण्णा ओरडले असते, फार तर एक मुस्काटात बसली असती – आणि दोन मिनिटांत आम्ही निघालो असतो. मी पुन्हा हो म्हणालो आणि मागच्या सीटवर बसलो.

इंदूरच्या अलीकडचं बेटमा ओलांडलं आणि पट्टा किंचाळायला लागला. मग लाल दिवा लागला. त्याच पट्ट्यावर इंजिनाच्या पाण्याचा पंपही फिरतो. बघता बघता तापमानाचा काटा वर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. दादाने उघडून पाहिलं. पट्टा उतरला होता, अल्टरनेटर लोंबत होता. त्याने डिकी उघडली. डिकीत एकही पाना नव्हता, सगळे घरी पाटावर. गॅरेजवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "भिया, आज दशहरा है, औजार पूजा में रखे हैं." दुसऱ्यानेही तेच सांगितलं. दादा तापलेल्या इंजिनात हात घालून बोटांनी तो बोल्ट पिळत राहिला. बोटं भाजली. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहून येईल त्या गाडीला हात करत होते, आणि देवासचा फोन आला की म्हणत होते, "आलोच. तिला सांग, आलोच."

मी काय करत होतो? उभा होतो.

दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "तू टाइट केला होतास, म्हणजे माझंच चुकलं. वॉशर उलटा बसला असेल." तेव्हा तरी? मला तोंड होतं. मी मान खाली घातली आणि त्याने ती सहानुभूती समजली.

शेवटी एक टेम्पो थांबला. आम्ही पोचलो तेव्हा आत्याला जाऊन अर्धा तास झाला होता. अण्णांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, मग भरल्या अंगणात दादाला म्हणाले, "येत नाही तर हात कशाला लावलास?"

दादाने त्यानंतर हत्याराला हात लावला नाही. गल्लीतल्या हाकाही हळूहळू थांबल्या. दादा चालवणार असेल तर अण्णा गाडीत बसत नसत. तो ते निमूटपणे सोसत गेला. मी रोज ते बघत होतो, रोज सांगू शकत होतो. घाबरलो, मग उशीर झाला म्हटलं, मग सवय झाली.

गेल्या वर्षी अण्णांना इंदूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांनी विचारायच्या आत दादानेच किल्ली माझ्या हातात ठेवली. "अण्णा, हा चालवेल. काळजी करू नका." तो मागे बसला, अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन, वाटभर त्यांचं कपाळ दाबत. अण्णा परत आले नाहीत. त्या वाटेवर, दादाच्या मांडीवरून, ते मला म्हणाले, "तू आहेस म्हणून बरं. तुझ्यावर भरवसा टाकता येतो."

आरशात दादा दिसत होता. तो मान हलवून त्यांना दुजोरा देत होता, आणि मी गाडी चालवत राहिलो.