मानपत्रातली एक ओळ

"ही लाईन काढा," हरेश हवालदार म्हणाले आणि माझ्याच पेनाने त्यांनी प्रूफवर आडवी रेघ मारली. प्रूफ म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेली कच्ची प्रत. ओळ होती : 'सीमेवर शत्रूला कंठस्नान घालणारे आमचे शूर सुपुत्र.'

डहाणूत माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मानपत्रं. २०१६ साली नरपडच्या सत्कार समितीने ही ऑर्डर दिली होती. हवालदार तिथलेच, मासेमारीच्या घरातले, चोवीस वर्षं सैन्यात नोकरी करून नुकतेच परतलेले. मानपत्राचं मॅटर आमच्याकडे तयारच असतं. शिक्षकाचं एक, सरपंचाचं एक, जवानाचं एक. नाव बदलायचं, प्रिंट द्यायची. प्रूफ समिती बघते. ज्याचा सत्कार, त्याला कोणी विचारत नाही. हवालदार फक्त फोटो द्यायला आले होते आणि प्रूफ टेबलावर पडलं होतं.

मला वाटलं, खोटी आहे म्हणून काढतायत. "सॉरी, ती लाईन सगळ्याच जवानांना असते," मी म्हणालो.

"असं होय? माझ्याबाबतीत खरी निघाली."

मी खुर्ची पुढे केली. कुतूहल, दुसरं काय.

"नव्याण्णवची लढाई," ते म्हणाले. "एका वाटेवर नजर ठेवायची होती. जो येईल त्याच्यावर फायर, असा हुकूम. एक जण आला. हातात कॅन होता."

"कसला?"

"तेव्हा कळलं नाही. नंतर पाहिलं. पाण्याचा."

"मग हुकूम चुकीचा होता?"

"नाही हो. आदल्या दिवशी त्याच वाटेने येऊन त्यांनी आमचे दोघे मारले होते. साहेबांच्या जागी मी असतो तर मीही तोच हुकूम दिला असता."

"म्हणजे तुमची चूक नाही."

"चूक नाही. पण हुकूम साहेबांचा, गोळी माझी. वेळ आली तर परत मारीन. त्यावर टाळ्या मात्र नकोत. आणि आई पहिल्या रांगेत असणार. तिने एकदा विचारलं होतं, कोणाला मारलंस का रे? मी सांगितलंय, वायरलेसवर होतो."

दोष हुकूम देणाऱ्याचा की पाळणाऱ्याचा, यावर मी थोडंफार वाचलेलं आहे. दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं लिहिलेली आहेत. टाळ्यांचा मुद्दा कुठे वाचल्याचं आठवेना.

मी समितीचे अध्यक्ष महेशभाई यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"लाईन काढली तर राहिलं काय?" ते उखडले. "चोवीस वर्षं तिथे भजी तळत होता का माणूस?"

"महेशभाई, जो खरंच तळत होता त्यालाही हीच लाईन दिली होती. मिलिटरीतला कुक. त्याने फ्रेम टीव्हीच्या वर लावलीय."

"मग यांनाच काय झालं? पाहुणे मोठे आहेत, जरा जोर नको?"

हवालदार फोनजवळ वाकले. "महेशभाई, लाईन राहिली तर मी स्टेजवर येत नाही. शाल पाहुण्यांनाच घाला."

 "छापा काय छापायचं ते," म्हणून महेशभाईंनी फोन ठेवला.

हवालदारांनी मजकूर उभ्याउभ्या सांगितला : 'चोवीस वर्षे सैन्यात सेवा केली. मिळालेला हुकूम पाळला.' वर नाव, खाली समितीच्या सह्या. सह्यांनाच जास्त जागा लागली.

समारंभात निवेदकाने आवाज चढवायला घेतला आणि तेवढ्यात मानपत्र संपलं. टाळ्या जेमतेम. मी दुसऱ्या रांगेत होतो. हवालदार शाल घेऊन खाली आले तेव्हा आईने विचारलं, "बस, एवढंच?"

"एवढंच, आई."

म्हातारी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग शालीची घडी घालत म्हणाली, "बरं." तिला पटलं की नाही, मला अजूनही सांगता येणार नाही.

तेव्हापासून जवानाच्या मॅटरमध्ये ती ओळ मी आपणहून टाकत नाही. मागितली तर टाकतो. आजवर मागणारे सगळे समितीतलेच निघाले.