काकांचा काटा आणि मास्तर कोण

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, बिघडलेले माऊस आणि किस्से. माऊस भंगारात देता येतात. किस्से राहतात, आणि माझ्या निम्म्या किश्शांत मेला तो नऱ्या आहेच! करावे गावचा नरेश, दहावी पास. मी रीतसर डिप्लोमावाला. दोघांचा धंदा एकच, कळंबोलीच्या लोखंड बाजारातले कॉम्प्युटर चालते ठेवायचे. आणि तिथे शिंदेकाका ज्याला 'मास्तर' म्हणतील तोच मास्तर. काका माझ्या साताऱ्याचे, पण मास्तर म्हणायचे नऱ्याला!

*

काकांचा वजनकाटा आहे. ट्रक चढला की वजनाची पावती काढणारा प्रोग्राम जुन्या डॉसमधला. लिहिणारा दुबईला गेला तो गेलाच. मशीनवर विंडोज पंच्याण्णव टाकलं आणि हा प्रोग्राम छोट्या चौकटीत रांगायला लागला. बाहेर ट्रकवाल्यांचे हॉर्न! मी दोन दिवस मेमरीचे आकडे बदलत बसलो. नऱ्या आला, उभ्याउभ्या ऑल्ट आणि एंटर दाबलं. चौकट गेली, प्रोग्राम स्क्रीनभर झाला आणि पळायला लागला!

"खोलीत कोंडलाय कशाला त्याला? जागा पायजे हाय, काका!"

"मास्तर हायेस बाबा!" काका म्हणाले. माझा नुसता जळफळाट. ती दोन बटणं मलाही माहीत होती हो, सुचली नाहीत.

*

मग मी ठरवलं, मेमरी मोकळी करायची. स्क्रीनवर मागे खंडोबाचा भलामोठा फोटो होता. काढला. काका चहा टाकून उठले.

"आरं जाधवा, देव काढतोस? धंद्याच्या जागेवरनं?"

"काका, मेमरी खातो तो."

"खाऊ दे की! देव हाय त्यो!"

फोटो परत लावला. वर नारळही फोडावा लागला, तो मीच आणला.

*

काकांना कसं जिंकायचं? साताऱ्याहून कंदी पेढे आणले. काकांनी दोन खाल्ले, डबा बंद केला.

"बाकीचे मास्तरला ठेवतो. त्याला लई आवडत्यात."

*

मग ईर्ष्येने नवंकोरं, तेज मशीन आणून जोडलं. प्रोग्राम उघडेचना! भागाकार चुकला म्हणून बंद पडायचा. मशीन इतकं जलद की बिचाऱ्याचा हिशेबच कोलमडायचा. नऱ्या हसून लोटपोट.

"म्हातारा मानूस हाय तो, जाधव. त्याला पलवायचं, पन पडंल इतकं नाय!"

जुनं मशीन परत लावलं. नवं मी एकट्याने उचलून नेलं, नऱ्याला हात लावू दिला नाही.

*

एकदा मात्र जिंकलो. पावती फार रेंगाळून यायची, कारण विंडोज ती आधी साठवायचं आणि मग प्रिंटरला द्यायचं. नऱ्याने तीनदा हात टेकले होते. मी ती साठवण बंद केली, पावती थेट प्रिंटरकडे सोडली. टर्रर्र! बटण दाबलं की पावती हातात! मी छाती फुगवून उभा.

काका खूश होऊन म्हणाले, "काल मास्तर येऊन गेला, त्यानंच काहीतरी केलं वाटतं!"

*

परवा नऱ्या मेव्हणीच्या लग्नाला सासुरवाडीला गेला होता. काट्यावरचं मशीन अडलं, काकांचा फोन मला! मी धावतच गेलो. वायर ढिली होती, दोन मिनिटांत चालू केलं.

"जाधवा, मास्तरनं जाताना यात काहीतरी लिवून ठेवलंय. मला चष्म्यातनं दिसंना. वाच बरं."

फाईल उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं.

"काका, अडलं तर जाधवला बोलवा. देवाला हात लावू देऊ नका. प्रिंटर त्यानं केला, मला जमला नव्हता. पन त्याला मास्तर बोलू नका काका. मंग मला कोन बोलवनार?"

मी ते मनातल्या मनात दोनदा वाचलं.

"काय रं, काय लिवलंय?"

"काही नाही काका. देवाला हात लावू नका म्हणतोय."

"बघ!" काका म्हणाले. "म्हणून त्यो मास्तर!"