कोरडं टाकं

मुलांनो,

तिकडच्या वाळवंटातल्या डोंगरावर तुम्ही चढलात, त्याचा फोटो मिळाला. तिघांच्याही पाठीवर पाण्याच्या पिशव्या दिसल्या. बरं केलंत. पुढच्या महिन्यात आमची सोसायटी आवारातली जुनी विहीर बुजवणार आहे, म्हणून माझ्या एका चढणीबद्दल आताच लिहून ठेवते.

ही विहीर आपली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथे उमेळ्यात आपली वाडी होती, केळीची आणि पानवेलींची. रहाट काढून सगळ्यांनी विहिरींवर इंजिनं बसवली, आपणही. उपसा इतका झाला की खाडीचं पाणी आत शिरलं. पानांच्या कडा करपू लागल्या. मी शाळेत शिकवत होते, मला कारण कळत होतं. माझ्या सासूबाई मात्र दोन वर्षं एकच म्हणत, "खारं नाही, जरा जड झालंय."

शेवटी तुमच्या आजोबांनी वाडी विकायचं ठरवलं. रविवारी गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा होता. शनिवारी पहाटे सासूबाई कळशी घेऊन दारात उभ्या. घरात समजूत होती, की आपल्या विहिरीला गोडं पाणी तुंगारच्या डोंगरातून येतं. विहीर बिघडली तर तिचं पाणी वर न्यायचं, माथ्याजवळच्या टाक्यात ओतायचं आणि टाक्यातलं आणून विहिरीत सोडायचं. कळशी जमिनीला टेकवायची नाही. वाटेत दुसरं पाणी प्यायचं नाही. माझा विश्वास नव्हता, पण त्या सत्तरीच्या होत्या. मी बरोबर गेले.

मे महिना होता. साग पानं गाळून उभे होते, सावली कुठेच नव्हती. चढ इतका उभा, की पुढे चालणाऱ्या सासूबाईंच्या टाचा माझ्या डोळ्यांसमोर येत. मुरूम पायाखालून घरंगळत होता. कळशी आम्ही आळीपाळीने कमरेवर घेत होतो.

"दमलात का, मास्तरीणबाई?"

"आई, वर पाणी नसलं तर?"

"तुझ्या पुस्तकात तसं लिहिलंय?"

"नाही."

"मग चाल."

भर दुपारी टाक्याशी पोचलो. तळाचा चिखल वाळून भेगाळला होता. त्यांनी वाकून माती बोटांत चोळली. ओलसुद्धा नव्हती. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती.

त्यांनी कळशी तोंडाला लावली. एक घोट, मग दुसरा. नंतर ती माझ्याकडे दिली.

"पी. खारट आहे."

मी प्यायले. तहान वाढलीच. उरलेलं त्यांनी टाक्यात ओतलं, ते भेगांत गेलं. मग रिकामी कळशी त्यांनी खडकावर टेकवली.

"पोराला सांग, मी आड येत नाही."

आम्ही उतरायला लागलो. पायथ्याच्या पाड्यावर एका बाईने तांब्याभर पाणी दिलं. ते गोड होतं. सासूबाईंनी ते संपवलं आणि तांब्या हातात धरून तशाच बसून राहिल्या.

इंजिन बंद करू, असं मी दोन वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी शेजाऱ्यांची चालूच राहिली असती. वाडी गेली. तिच्याच जागेवरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर मी राहते.

विहीर आणखी महिनाभर आहे, यायचं तर त्याआधी या. कळशी स्वयंपाकघरात माठाशेजारी आहे. ती गळत नाही.