तुळसाबाईच्या दारातला नारळ

“लावा सुरुंग,” तुळसाबाई म्हणाली. “घर पडलं तं पडू द्या. पाणी तं निंगन!”

मी विहिरीच्या काठावर उभा होतो. विहीर आपली म्हणायची म्हणून. खाली पाण्याचा टिपूस नव्हता. काळा, पक्का खडक लागला होता. पहार मारली की ठण्ण वाजायचं आणि मजूर हात झटकत वर बघायचा. खड्ड्याच्या अगदी लगत तुळसाबाईचं मातीच्या भिंतीचं घर. सुरुंग म्हणजे काय, तर खडकात भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळत सुटायचं. माणसं पळतात. घर कुठं पळणार?

“बाई, भिंत राहणार नाही तुमची,” मी म्हणालो.

“नाई राह्यली तं मांडवात राहीन. तुम्ही लावा.”

अहो, हट्टी बाई होती! आणि तिच्या हट्टापुढं माझं काही चालत नव्हतं, कारण ती भांडायची ते हसत हसत.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला नव्हता, सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच. मी तालुक्याचा कारभार बघणाऱ्या जनपद सभेकडे ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे इंजिनिअर साहेबाच्या शिव्या खायच्या आणि मजुरांच्या तक्रारी ऐकायच्या, त्या दोघांच्या मधला माणूस. मी वरोऱ्याचा. मला हवं होतं नागपूर. मिळालं काय, तर सावली गावाच्या पलीकडचं जंगल, एक सायकल आणि गावोगावच्या विहिरी. हिरडटोला हे त्यातलंच एक गाव. धानाची शेती, थोडी ढिवरांची घरं आणि पिण्याचं पाणी नदीवरून. उन्हाळ्यात नदी आटत आटत पार पलीकडच्या काठाला जायची आणि बायांची पायपीट तेवढीच वाढायची.

तुळसाबाई ढिवरीण. सारा जन्म पाण्यात गेलेला. नवरा जाळं टाकायचा, ही मासोळ्या विकायची. नवरा गेला, आणि मागाहून हिचे गुडघे गेले. एकुलती एक लेक अहेरीला दिलेली. लेकीचा निरोप आला होता, “माय, आता तुह्याच्यानं पाणी भरणं होत नाई. मिरगाच्या आधी तुहा जावई गाडी घेऊन येईन. चाल इकडं.”

आणि तुळसाबाईला जायचं नव्हतं.

“लेकीच्या दारचं पाणी पेत नाई आमच्यात,” ती मला सांगायची. “दोन रोज पाहुणी जाईन मी, लोटाभर पाणी संगं घेऊन जाईन. पन जलमभर कसं जमन, भाऊ? आन् इथी माहा नवरा गेला, इथी माह्या म्हाताऱ्या सासूचं तुळशीवृंदावन आहे. मी कायले जाऊ?”

म्हणून सरकारी विहिरीला कोणी जागा देता का, असं मी गावात विचारलं, तेव्हा पहिली तीच उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, “माहं अंगण घ्या.” घराशी विहीर झाली की ती राहू शकणार होती. नाही झाली, तर जावयाची गाडी. इतकं सरळ होतं सगळं.

जागा मीच पसंत केली. अंगणाच्या कडेला उंबर होता. उंबराजवळ पाणी असतं असं सगळे म्हणतात, आणि जमिनीचा उतारही तिकडेच होता. भूमिपूजन झालं. गावच्या दाजी पाटलाने नारळ फोडला. तुळसाबाईने आपला देव बाहेर आणून ठेवला. तिचा देव म्हणजे मार्कंड्याच्या जत्रेला गेली असताना वैनगंगेच्या वाळूत सापडलेला एक गुळगुळीत दगड. पितळी ताटलीत बसलेला. त्याला ती महादेव म्हणायची आणि वागवायची मात्र घरातल्या कर्त्या माणसासारखं.

“माह्या दारात पाणी दे बापा,” ती सगळ्यांसमोर त्याला म्हणाली. “दुसरं काही मांगत नाई मी तुले.”

माती गेली. मुरूम गेला. मुरूम म्हणजे खडकाच्या आधीची तांबडी, भरड माती. तो ओलसर लागला की आमचे डोळे चमकतात. इथं कोरडा ठणठणीत. आणि खाली तो काळा खडक.

इंजिनिअर साहेब जीप घेऊन आले. जीप गावात आली म्हणून सगळी पोट्टी मागे धावत आली. साहेबांनी खड्ड्यात डोकावलं.

“जागा कोणी ठरवली?”

“मी, साहेब.”

“कशावरून?”

“उंबर आहे, साहेब. उतारपण—”

“उंबराला विचारलं होतं का खाली खडक आहे का म्हणून?”

साहेबांना उत्तर नको असतं, हे मी तोवर शिकलो होतो.

“बाईची हरकत नाही ना? मग एक लहान बार लावा. एकच. फुटलं तर फुटलं. नाही तर जागा बदला. पावसाच्या आत मला या गावात पाणी पाहिजे, ओव्हरसियर. उंबर नको.”

साहेब गेले. सुरुंगाचं काम सिरोंच्याकडचा पोचय्या करायचा. त्याने खडकात भोक पाडलं, दारू कमीत कमी ठासली. मी तुळसाबाईला म्हणालो, घरातलं काय हवं ते काढून घ्या. ती आत गेली, आणि पदरात ताटलीतला देव घेऊन तेवढीच बाहेर आली. भांडी नाही, तांदूळ नाही. शेजारच्या ओट्यावर देव मांडीवर घेऊन बसली.

बार उडाला. भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. घर पडलं नाही, एवढंच. धूर बसल्यावर पोचय्या खाली उतरला. बराच वेळ खाली होता. वर आला आणि मान हलवली.

“लेदु, साहेब. नाही. खाली अजून तसाच आहे.”

मला तिच्याकडे बघवेना. मीच गेलो शेवटी, नाही तर कोण जाणार? म्हणालो, “बाई, इथं पाणी नाही. जागा बदलावी लागेल.” ती भिंतीचा आधार घेत घरात गेली. ती चीर होती ना, नेमका त्याच चिरेवर हात ठेवून गेली.

दिवेलागणीला माझ्याच्याने राहवलं नाही. मुक्कामाच्या शाळेतून उठलो आणि तिच्याकडे गेलो. मला वाटलं, अंधारात बसली असेल. तर देवापुढं दिवा लावलेला, आणि ही चुलीपाशी भात ढवळत बसलेली.

“या, बसा. तुमच्याचसाठी टाकून राह्यली जास्तीचा.”

मी बसलो. दिव्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलंच, “बाई, राग नाही आला तुम्हाला देवाचा?”

“आला ना! काऊन नाई येईन?” पळी हातातच धरून ती वळली. “चांगली भांडली मी त्याच्याशी मंघाशी. म्हटलं, येवढंसं तं मांगतलं होतं. तुले काय जड होतं? तुह्या नदीत काय पाणी कमी आहे?”

“आणि तरी दिवा लावला?”

“मंग? भांडण झालं म्हणून घरातल्या माणसाले जेवाले नाई वाढत का आपण?”

मी देवभोळा माणूस नाही. मी आपला विषय बदलायला म्हणून माझं रडगाणं सांगितलं. नागपूरची बदली मागितली होती, अर्ज केले, ओळखी लावल्या, आणि आलो या रानात.

तुळसाबाई खो खो हसली. “नागपूरले गेले असते तं माह्या भिंतीले चीर कोनं पाडली असती, भाऊ?”

“बाई, मी बुजवून देतो ती.”

“राहू द्या. पाऊस लागाच्या आधी जावई येईनच. कोनासाठी बुजवता?” हे म्हणताना मात्र ती हसत नव्हती. “ह्या देवाच्या मनात काय आहे ते त्याले माहीत. मले उमजत नाई. पन इतके वर्षं त्यानं सांभाळलं मले, आता एका विहिरीपाई त्याले सोडू काय मी?”

भात आणि वाळल्या मासोळीचं कालवण मी पोटभर जेवलो. ती जेवली की नाही ते मला दिसलं नाही.

दुसरी जागा दाजी पाटलाने दिली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, धानाच्या बांधीशेजारी, म्हणजे भातखाचराला लागून. तुळसाबाईच्या घरापासून सगळं गाव ओलांडून जायचं. तिला ते अंतर नदीइतकंच. या वेळी मी सावलीच्या बाजारातून नवा नारळ घेऊन आलो, हळद-कुंकू आणलं. म्हटलं, मागच्या वेळेस फळलं नाही, आता तरी नीट होऊ द्या. पिशवीतून नारळ काढला तर दाजीने माझा हातच धरला.

“हे काय आणलं, साहेब?”

“नारळ. पूजा करायची ना?”

“झाली ना पूजा.”

“ती तिकडच्या जागेची. ही नवी विहीर आहे.”

“नवी कुठी? गावाची विहीर एकच. नारळ तिचा फुटला तुळसाबाईच्या दारात.” दाजी मला लहान पोराला समजावल्यासारखं सांगू लागला. “देवाले एकदा आवतन दिलं, तो तिथी आला. आता त्याले पुन्हा काय आवतन द्याचं? पाणी कुठी काढाचं हा त्याचा मामला आहे. नारळ ज्याच्या दारात, विहीर त्याची. आमच्याकडं असंच राह्यते.”

“अहो, पण जमीन तर तुमची आहे!”

“जमीन माही. विहीर तुळसाबाईची.”

मी नारळ पिशवीत ठेवला. असले वाद सायकलवरून गावोगाव फिरणाऱ्याने घालू नयेत.

आणि काय सांगू, मुरुमातच पाणी लागलं! खडकापर्यंत जायची वेळच आली नाही. मजूर खाली नाचायला लागले, चिखलाने माखलेले. वर बाया गोळा झाल्या. गढूळ पाणी उपसून टाकलं, झरा निवळू दिला. मग दाजीच्या सुनेने पहिली घागर भरली. मला वाटलं घरी नेईल. ती निघाली सगळं गाव ओलांडून, आणि तिच्यामागे सगळ्या बाया, पोरं, दाजी, पोचय्या आणि मी. घागर तुळसाबाईच्या उंबरठ्यावर उतरवली.

“माय, तुमच्या विहिरीचं पाणी घ्या.”

तुळसाबाई ताटलीतला देव पुसत होती. तिने आधी घागरीकडे बघितलं, मग देवाकडे. मग त्याच पाण्याने त्याला आंघोळ घातली आणि घातल्यावर पदर डोळ्याला लावला. मीही तिकडे तोंड करून उभा राहिलो, जिकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या घागरीचा मान असतो, एवढं मला कळलं. तो एका दिवसाचा असतो, असं मी धरून चाललो. जुना खड्डा मजुरांकडून बुजवून घेतला. भिंतीची चीरही लिंपून दिली, जावई येणार असला तरी. आणि दुसऱ्या गावाला निघून गेलो. मिरगाचा पाऊस लागला, रस्ते बंद झाले. अधूनमधून मनात यायचं, गेली असेल गाडीत बसून अहेरीला.

दसऱ्यानंतर विहिरीचं बांधकाम तपासायला पुन्हा हिरडटोल्याला गेलो. बांधकाम म्हणजे आतून दगडाची गोल भिंत, माती ढासळू नये म्हणून. ते बघायच्या आधी सायकल आपोआप उंबराकडे वळली.

घराला शेणामातीचं नवं पोतेरं. बुजवलेल्या खड्ड्यावर वांग्याची रोपं. ओट्यावर घागरी आणि बाया, आणि त्यांच्या मधोमध तुळसाबाई.

“आले का माही भिंत फोडणारे!” तिने लांबूनच ओरडून माझं स्वागत केलं.

“गेला नाहीत?”

“कायले जाऊ? जावई आला होता गाडी घेऊन. दोन रोज जेवला, आन् मासोळ्याचं टोपलं घेऊन गेला. गाडी सुनी नाई जाऊ दिली म्या.”

मग कळलं ते असं. पहिल्या दिवशी दाजीच्या सुनेने घागर आणली. दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, मान तिलाच का, आम्हाला नको का? तिसऱ्या दिवशी आणखी एक. थोडं भांडण झालं, मग पाळी लागली. ज्या घराची पाळी, त्या घरची बाई सकाळची पहिली घागर तुळसाबाईच्या उंबरठ्यावर उतरवायची. आणि घागर उतरवली म्हणजे बाई लगेच थोडीच उठते? बसायची. मग दुसरी यायची, ती का थांबली ते बघायला.

मी हळूच विचारलं, “मग बाई, देवाशी भांडण मिटलं का?”

“कायचं मिटते!” ती फणकारली. “म्या त्याले दारात पाणी मांगतलं, आन् त्यानं हे पाठोलं. पहा! पहाटंपासून किलबिल किलबिल. ह्याची सून, त्याची सासू. मले झोपू देत नाई, देव पुजू देत नाई. तुम्हीच सांगा भाऊ, येवढं मांगतलं होतं काय म्या?”

आणि लगेच मागे वळून, उठू बघणाऱ्या एका पोरीला दटावलं, “बस वो, कुठी चालली? गूळ खाऊन जा.”

मला नागपूर कधी मिळालं नाही. त्याच मुलुखात अहेरीपर्यंत विहिरी खणत नोकरी संपली. काही पहिल्या जागी लागल्या, बऱ्याच लागल्या नाहीत. उंबराचा नाद मी सोडला. पण जागा बदलावी लागली, तरी पिशवीत दुसरा नारळ मात्र कधी ठेवला नाही.