वावरावरचे ढग

“थांबा गा, आभाळ येऊ द्या.” कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखालून आधी हा आवाज यायचा आणि मग नुसता एक हात, बस थांबवावी तसा.

लकडगंजात मी ज्या लाकडाच्या वखारीत कामाला होतो, तिच्यासमोर काकाजींचं फोटोचं दुकान. साठ सालानंतर सगळीकडे फिल्म आली, तरी हे काचेच्या प्लेटवरच फोटो घेत. तेही टेकड्यांचे, तलावांचे. “माणूस हलते, मंग म्हणते फोटो बिघडवला. टेकडी काही म्हणत नाही.” असा एखादा हट्टी कारागीर तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यावर विश्वास ठेवायला आपल्याला फार आवडतं.

कोराडीकडचं आमचं वावर, आमचं शेत, वीजकेंद्रासाठी जाणार होतं. त्याआधी त्याचा एक फोटो असावा, एवढंच बाबांचं म्हणणं. काकाजी स्टँडसकट बसने आले आणि त्यांनी बाबांना दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवून ठेवलं. ऊन कलताना खरंच ढग आले, तेव्हा कुठे फोटो निघाला.

फोटोत वावरावर एक मोठा ढग, मागे एक लहान. बाबा त्यांना गाय-वासरू म्हणायचे. वावर गेल्यावर येईल त्या पाहुण्याला ते ढगच दाखवत. “आमच्या वावरावर आलते गा हे.”

एक दिवस वखारीच्या मालकांनी कचेरीत रामटेकच्या टेकडीचा फोटो लावला. टेकडीवर आमचं गाय-वासरू!

मी तसाच रस्ता ओलांडला. “काकाजी, हे काय जी?”

ते ओशाळलेसुद्धा नाहीत. “या काचेले आभाळ दिसत नाही, भाऊ. पांढरंफटक येते. मंग ढगाची दुसरी काच वरून छापा लागते.”

“कुठले ढग हायेत हे?”

“काय मालूम. जुना कॅमेरा घेतला, त्याच्यासंगं आलते.”

“मंग बाबाले दिवसभर काहून बसवलं?”

“वाट पाह्यली का फोटो आपला वाटते.”

इतकं फसल्यासारखं मला वावर जाताना वाटलं नव्हतं. ते नेणाऱ्यांनी निदान सांगून नेलं होतं. मी म्हटलं, आमचा खरा फोटो द्या. त्यांनी छापून दिला. खाली वावर, धुरा, बाभूळ, आणि वर कोरा कागद.

बाबांनी तो उजेडात धरला. “कोणाचं वावर हाये गा हे?”

“आपलं. हा खरा फोटो हाये, बाबा. ते ढग दुसरीकडचे होते.”

“नाही. आपल्या वावरावर आभाळ होतं.” त्यांनी फोटो परत दिला.

पुढे मी काकाजींशी बोललो नाही. ते वारले तेव्हा बाबा खांदा द्यायला निघाले. मी अडवलं, त्या माणसाने आपल्याला काय केलं त्याची आठवण करून दिली.

“आपल्या वावराकडं इतका वेळ दुसरं कोणं पाह्यलं होतं गा?” म्हणाले आणि गेले.

मी वखारीच्या दारात उभा राहिलो. तिरडी समोरून गेली, एका बाजूला बाबांचा खांदा. दोघांनी मिळून मला फसवलं, असंच मला वाटत राहिलं.