घाबरण्याचा रियाज

सांगलीपासून साताऱ्यापर्यंत व्हायोलिन वाजवणारे पुष्कळ असतील, पण घाबरण्याचाही रियाज करणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. माधवनगरच्या कापड गिरणीत ते नोकरीला होते. सत्तरच्या दशकात कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहत होतो, त्यामुळे हे सगळं मी माझ्या कानांनी भोगलं आहे. "सूर बोटांत असतो रं, पर बोटं पडली काळजाची चाकर. काळीज धडधडलं की बोटं फितूर!" असं ते म्हणत. मग काळजाला सवय लागावी म्हणून ते आधी जिना धावत वर-खाली करत आणि धाप लागली की तशीच बैठक मारून गज हातात घेत. कार्यक्रमात कोट ऐनवेळी परका वाटू नये, म्हणून भर वैशाखात लोकरीचा कोट घालून वाजवत. अख्खा राग क्वचितच. जी जागा अडली तीच, मुंगीच्या पावलानं, इतका वेळ घासत की शेजारच्या म्हशीनंही ती म्हणून दाखवली असती.

शिवाय मैफिलीत कुणी खोकलं, पोर रडलं, तरी सूर ढळता कामा नये, म्हणून रियाजाला रेडिओ मोठ्यानं लावलेला असे. या गोंगाटातलं मुख्य वाद्य म्हणजे आत्या. "आवं, दळण आणायचं राहिलंय! डब्यात खडखडाट हाय, आन् तुमी कुईकुई लावलीया!" असं ती स्वयंपाकघरातून ओरडे. सुरुवातीला ती खरंच चिडायची. पुढं डबा पिठानं भरलेला असला तरी रोज वेळेवर, तोंडाला पदर लावून हसत हसत ओरडायची. ते ऐकलं की आतोबांचे डोळे मिटत आणि गज लोण्यासारखा फिरू लागे.

एका गणेशोत्सवात त्यांना साताऱ्याला, म्हणजे सासुरवाडीलाच, वाजवायचं आमंत्रण आलं. माझे आजोबा फौजेतले सुभेदार. लग्नात ते म्हणाले होते, "जावई गुणी हाय, पर ती कुईकुई आमच्यात मिरवायची न्हाई." या माणसाच्या तोंडून एकदा 'वा' ऐकावं, एवढीच आतोबांची इच्छा होती.

आजोबा पहिल्या रांगेत बसले आणि त्यांच्या धाकानं सगळा मांडव गप्प झाला. कुणी खोकेना, पोरंसुद्धा चिडीचूप. आतोबांनी गज टेकवला आणि तो तिथंच थिजला. सगळ्या गोंगाटाचा रियाज झाला होता, शांततेचा राहिला होता! कपाळावरून घाम ओघळू लागला. आजोबांनी उठण्यासाठी काठी चाचपली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं खणखणीत आवाज आला, "आवं, दळण आणायचं राहिलंय!"

मांडव हबकला. आतोबांनी मात्र डोळे मिटले आणि असा भूप वाजवला की आजोबांची काठी हातातच राहिली. शेवटी ते म्हणाले, "वा! लय ब्येस, जावईबापू. पर आमच्या लेकीला दळण तेवढं आणून देत जावा."

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा माधवनगरला गेलो, तर आतोबा व्हायोलिन मांडीवर घेऊन नुसतेच बसले होते. घर फार शांत होतं, मला ते सोसेना. "वाजवा की," म्हटलं. ते स्वयंपाकघराकडे बघत राहिले. मी उठलो, आत गेलो आणि जमेल तितक्या मोठ्यानं ओरडलो, "आवं, दळण आणायचं राहिलंय!"

बाहेर तारा जुळवल्याचा आवाज आला. मग भूप सुरू झाला. मी तो पिठाच्या डब्यापाशी उभं राहूनच ऐकला.